रंगविलेले केस व धुण्याची वडी

गतवर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आम्हीं नववीच्या वर्गापुढें प्लॅस्टिकच्या कचऱ्याविषयीं चार शब्द सांगितले होते. घरोघर दरमहा रिकाम्या होणाऱ्या शांपूच्या बाटल्यांचा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर मांडून घेतला, आणि शेवटीं असा उपदेश केला कीं, बाटलींतील पातळ शांपूंत बहुतांश भाग पाण्याचाच असतो. पाणी तर आपल्या घरीं आहेच. मग त्याचे पैसे मोजून वर बाटलीचा कचरा घरांत आणण्यापेक्षां केस धुण्याची घट्ट वडी कां आणूं नये? उपदेश मुलांस पटला. कित्येकांनीं तो घरीं जाऊन सांगितला, व आम्हांस आपल्या शिकवण्याचें मोठें समाधान वाटलें.

पुढें पांच महिन्यांनीं पालकसभा झाली. सभा संपल्यावर एका विद्यार्थिनीच्या मातोश्री आमच्याकडे आल्या. त्या एका रुग्णालयांत परिचारिकेचें काम करतात. वय चाळिशीच्या आंत, परंतु केस लवकर पिकलेले. म्हणून त्या गेलीं सहा वर्षें केसांस रंग लावीत असत. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही वर्गांत सांगितलेंत म्हणून मुलीनें हट्ट धरला, आणि आम्ही बाटली सोडून वडी आणली. हातानें केलेली, सुवासिक, वर पाकळ्या लावलेली. पण जो रंग महिना-दीड महिना टिकायचा तो बारा दिवसांत फिका पडूं लागला. केस काथ्यासारखे झाले. म्हणून मी दर पंधरवड्यास रंग लावूं लागलें. आतां रंग लावला कीं कानामागें आग होते, पुरळ उठतें. डॉक्टरांनीं रंग कायमचा बंद करा म्हणून सांगितलें आहे. मुलगी म्हणते, आई, हें माझ्यामुळें झालें. सर, खरोखर वडीनें असें होतें का?”

या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं. मागाहून आम्ही पुस्तकें चाळलीं, प्रयोगशाळेंत मुलांसमवेत कांहीं साधे प्रयोग केले, आणि आमची चूक आमच्या ध्यानांत आली. ‘केस धुण्याची वडी’ या एकाच नांवानें बाजारांत दोन अगदीं भिन्न वस्तु विकल्या जातात. दिसण्यांत त्या सारख्या, वासांत सारख्या, फेसांतहि बहुधा सारख्या. परंतु रंगविलेल्या केसांवर त्यांचा परिणाम सारखा नाहीं. आम्हीं वडी घ्या म्हणून सांगितलें. कोणती घ्या हें सांगितलें नाहीं. अर्धें सांगणें हें कित्येकदां मुळींच न सांगण्याहून वाईट. तें राहिलेलें अर्धें या वार्षिकाच्या पृष्ठांवर, त्या मातोश्रींच्या संमतीनें, सांगत आहों.

केसाची घडण

प्रथम केस म्हणजे काय हें पाहूं. केस हा केराटिन नांवाच्या प्रथिनाचा तंतु आहे. आपलीं नखें, मेंढीची लोंकर व बैलाचीं शिंगें यांतहि केराटिनच असतें. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. म्हणूनच तो कापतांना दुखत नाहीं. पण म्हणूनच एकदां बिघडलेला केस जखमेप्रमाणें आपोआप भरूनहि येत नाहीं. मुळापासून नवा केस येईल, महिन्याला सुमारें एक ते सव्वा सेंटिमीटर, तेवढाच काय तो चांगला.

सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें असतां केसाच्या पृष्ठभागावर पातळ, पारदर्शक खवले दिसतात. घराच्या छपरावर जशीं कौलें एकावर एक चढवून घालतात, तसे हे खवले मुळाकडून टोंकाकडे एकमेकांवर बसलेले असतात. नव्या केसाच्या खवल्यांवर एक अत्यंत पातळ स्निग्ध थर असतो, त्यामुळें पाणी अंगावर फारसें न थांबतां ओघळून जातें. खवल्यांच्या आंत केसाचा गाभा. या गाभ्यांत मेलॅनिन नांवाच्या रंगद्रव्याचे कण विखुरलेले असतात, आणि त्यांमुळें केस काळा किंवा तपकिरी दिसतो. वयोमानानें अथवा कुळपरंपरेनें मुळांशीं हें मेलॅनिन बनेनासें झालें कीं नवा केस पांढरा येतो. पिकणें तें एवढेंच. त्यांत रोग नाहीं आणि लाजहि नाहीं.

रंग आंत कसा शिरतो

आतां रंगाकडे वळूं. केसांना लावण्याचे रंग अनेक प्रकारचे आहेत, परंतु पिकलेले केस आठवडे-महिने काळे ठेवणारे जे रंग आहेत त्यांपैकीं बहुतेकांची रीति एकच. त्यांत दोन भाग असतात, ते लावण्याच्या वेळींच एकत्र करावयाचे. एका भागांत अमोनिया किंवा त्यासारखा दुसरा क्षार, आणि पॅरा-फेनिलिन-डाय-अमाइन वा त्याच्या जातीचीं रंगहीन द्रव्यें असतात. दुसऱ्या भागांत हायड्रोजन पेरॉक्साइड. (बाजारांत भुकटीच्या रूपानें एकच पुडी मिळते, तींत हीं दोन्ही कामें करणारीं द्रव्यें कोरडीं मिसळलेलीं असतात व पाणी घालतांच काम सुरू होतें.) क्षारामुळें केस फुगतो व त्याचे खवले उचलले जातात. त्या फटींतून तीं रंगहीन द्रव्यें गाभ्यांत शिरतात, कारण त्यांचे रेणु फार लहान असतात. आंत गेल्यावर पेरॉक्साइडच्या योगानें ते रेणु एकमेकांस जोडले जाऊन मोठे व रंगीत होतात. अरुंद दारांतून मोठी खाट आंत न्यावयाची असली म्हणजे आपण तिचे सुटे भाग आंत नेतों व खोलींत जोडतों. जोडलेली खाट मग सहसा दारांतून बाहेर निघत नाहीं. केसांतील रंगाचेंहि तसेंच आहे.

पॅरा-फेनिलिन-डाय-अमाइन हें द्रव्य १८६३ सालीं हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या अभ्यासांतून पुढें आलें. १९०७ सालीं युजीन शुएलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें केस रंगविण्याचें मिश्रण तयार केलें, आणि १९०९ सालीं पॅरिस येथें त्याची कंपनी स्थापन केली. लॉरेआल या नांवानें आज जी जगभर माहीत आहे ती हीच.

परंतु या सुखाची किंमत केस देत असतो. रंगाच्या क्षारानें व पेरॉक्साइडनें खवल्यांवरील तो स्निग्ध थर बराचसा निघून जातो. कौलें खिळखिळीं होतात. म्हणून रंगविलेला केस नव्या केसापेक्षां अधिक पाणी पितो, अधिक फुगतो, आणि प्रत्येक फुगण्याबरोबर आंतील रंगाचा थोडा अंश, विशेषतः जे रेणु नीट जोडले गेले नाहींत ते, पाण्यावाटे बाहेर पडतो. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. रंग केवळ साबणानें अथवा शांपूनें उतरतो असें नाहीं. नुसत्या पाण्यानेंहि तो कांहीं अंशीं उतरतो, आणि उन्हानेंहि विटतो. तेव्हां कोणतीहि वडी रंग अक्षय ठेवील अशी आशा कोणीं करूं नये. वडीच्या निवडीनें एवढेंच होतें कीं, जें नुकसान टाळतां येण्यासारखें आहे तें टळतें.

एक नांव, दोन वड्या

पहिली वडी म्हणजे खराखुरा साबण. खोबरेल, एरंडेल, ऑलिव्ह, पाम इत्यादि तेलांवर कॉस्टिक सोड्याची क्रिया केली म्हणजे साबण होतो. तो नवव्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांसहि करतां येतो. हातानें केलेल्या, पाकळ्या व सुगंधी तेलें घातलेल्या ज्या वड्या प्रदर्शनांतून व दुकानांतून ‘नैसर्गिक शांपू’ म्हणून मिळतात, त्यांपैकीं पुष्कळ या जातीच्या असतात. शिकेकाई साबण म्हणून ज्या वड्या मिळतात त्याहि बहुधा शिकेकाईची पूड घातलेला साबणच असतो.

दुसरी वडी साबण नव्हेच. तींत मळ काढणारें जें द्रव्य असतें तें कॉस्टिक सोड्यानें तेल शिजवून केलेलें नसतें, तर वेगळ्या रासायनिक रीतीनें बनविलेलें असतें. पहिल्या महायुद्धाच्या काळीं जर्मनींत चरबीची टंचाई पडली, तेव्हां साबणावांचून मळ कसा काढावा याचा शोध तेथें जोरानें सुरू झाला. पुढें १९३४ सालीं अमेरिकेंत ‘ड्रीन’ नांवाचा साबणविरहित शांपू विक्रीस आला, आणि १९५७ सालीं तेथेंच ‘डव्ह’ ही अंग धुण्याची वडी निघाली. तिच्यांतील मुख्य द्रव्य सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हें होय. केस धुण्याच्या आजच्या पुष्कळ चांगल्या वड्यांत हेंच द्रव्य असतें. मौज अशी कीं, हेंहि मुळांत नारळाच्या तेलांतील आम्लांपासूनच बनतें. तेव्हां ‘ही नैसर्गिक, ती रासायनिक’ हा भेद येथें लागू पडत नाहीं. झाड एकच, पाककृति निराळी.

या दोहोंत मुख्य अंतर दोन गोष्टींचें. पहिली गोष्ट क्षारतेची. रसायनशास्त्रांत द्रवाची आम्लता वा क्षारता ज्या मापानें सांगतात त्यास मराठींत सामू म्हणतात. हें माप १९०९ सालीं कोपनहेगन येथें सोरेन्सन या शास्त्रज्ञानें ठरविलें. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखालीं आम्ल, त्यावर क्षार. मस्तकाच्या त्वचेचा सामू साडेपांचाच्या आसपास, म्हणजे किंचित् आम्ल असतो. साबणाच्या फेसाचा सामू मात्र नऊ-दहाच्या घरांत जातो. साबण कितीहि उत्तम तेलांचा असो, तो क्षारयुक्त असावयाचाच. तो त्याचा दोष नसून स्वभाव आहे. अशा क्षारांत केस पुनः फुगतो, खवले पुनः उचलले जातात, आणि जें दार रंग घालण्यासाठीं उघडलें होतें तेंच दर धुण्यास थोडथोडें उघडत राहतें. खवले उभे राहिल्यानें केस एकमेकांवर घासतात, गुंततात व राठ लागतात. दुसऱ्या जातीच्या वडीचा सामू सामान्यतः पांच ते सात यांच्या दरम्यान ठेवतां येतो. म्हणून खवले मिटलेले राहण्यास मदत होते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि आमच्या या पठारी मुलुखांत तीच विशेष महत्त्वाची. काळ्या दगडांतून झिरपून विहिरींत व बोअरमध्यें येणाऱ्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यास आपण जड पाणी म्हणतों. डाळ शिजत नाहीं, आणि भांड्याच्या तळाशीं पांढरें किटण धरतें, तें यामुळेंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत एकूण जडपणा दर लिटरास २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असें म्हटलें आहे, व दुसरें पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतलें आहे. साबण जड पाण्यांत पडला म्हणजे कॅल्शियमशीं मिळून त्याचा न विरघळणारा चिकट सांका होतो. बादलीच्या कडेला करड्या रंगाची जी साय जमते ती हीच. ती केसांवरहि बसते, आणि केस मळकट, जड व निस्तेज दिसतात. मग मनुष्य वाटतें तें करतो: आणखी साबण लावतो, आणखी चोळतो, आणखी पाणी ओततो, आणि प्रत्येक ‘आणखी’बरोबर रंगहि जातो. दुसऱ्या जातीच्या वडीचा असा सांका होत नाहीं.

आपल्या आज्या शिकेकाई व रिठा वापरीत. त्यांत सॅपोनिन नांवाचीं फेस करणारीं द्रव्यें असतात, तीं साबण नव्हेत. म्हणून आडाच्या जड पाण्यांतहि त्यांचा सांका होत नसे. शिकेकाईचें पाणी किंचित् आंबटहि असतें. एतावता, नव्या वडीचें तत्त्व आपल्या माजघरांत फार जुनें आहे. ‘शांपू’ हा शब्द देखील इकडचाच. चांपणें म्हणजे दाबणें, चेपणें, यावरून तो झाला. पाटण्याकडचे शेख दीन महंमद यांनीं इंग्लंडांत ब्रायटन येथें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अंग चेपून देण्याचें स्नानगृह चालविलें, व १८२२ सालीं त्यावर पुस्तकहि छापलें. इंग्रजींत हा शब्द रूढ होण्यास त्यांचा हातभार लागला. केस धुण्याचा अर्थ त्यास मागाहून चिकटला.

साबणाची निंदा करावी हा आमचा हेतु नाहीं. हात धुण्यास त्यासारखें दुसरें साधन क्वचितच. ज्यांचे केस आंखूड आहेत, रंगविलेले नाहींत, आणि ज्यांच्या घरीं हलकें पाणी आहे, त्यांस साबणानें फारसा त्रास होणारहि नाहीं. आमचें म्हणणें रंगविलेल्या केसांपुरतें आहे.

हळदीची परीक्षा

आतां वडी ओळखावी कशी? वेष्टनावर घटकांचीं नांवें छापलेलीं असतात, तीं वाचावीं. ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम कोकोएट’, ‘सोडियम ऑलिव्हेट’, ‘सॅपॉनिफाइड कोकोनट ऑइल’, अथवा तेलांच्या नांवांबरोबर ‘सोडियम हायड्रॉक्साइड’, असें असल्यास तो साबण समजावा. ‘सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट’ किंवा ‘सोडियम कोको-सल्फेट’ असें नांव आरंभीं असून वरील नांवें नसतील, तर ती दुसऱ्या जातीची वडी. एक सूक्ष्म भेद ध्यानांत असावा: ‘कोकोएट’ व ‘कोकॉइल’ हे शब्द दिसण्यांत जवळ, पण अर्थानें दूर आहेत.

वेष्टन नसेल, किंवा अक्षरें बारीक असतील, तर स्वयंपाकघरांत याची परीक्षा आहे. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडला व त्यावर साबण लावला, तर पिवळा डाग एकदम तांबडा होतो, हें प्रत्येक आईनें पाहिलें आहे. हळदींतील रंगद्रव्य क्षाराच्या संगतींत तांबडें होतें. हळकुंडांपासून कुंकू करण्याची जुनी रीति याच गुणावर चालते. तेव्हां पांढऱ्या सुती कापडाची पट्टी हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळवावी. वडी ओली करून तिचा दाट फेस पट्टीवर लावावा. पट्टी तांबडी झाली तर वडी साबणाची; पिवळीच राहिली तर ती क्षारयुक्त नाहीं. आमच्या प्रयोगशाळेंत मुलांनीं घरून आणलेल्या वड्यांची अशी परीक्षा घेतली. ‘केसांसाठीं’ म्हणून मोठ्या अक्षरांत छापलेल्या वड्यांपैकींहि कांहींनीं पट्टी लालभडक केली. नंतर दोन परीक्षानळ्यांत बोअरचें पाणी घेऊन एकींत साबणाचा चुरा व दुसरींत दुसऱ्या जातीच्या वडीचा चुरा घालून हालविलें. पहिलींत फेस थोडा व दह्यासारखे कण पुष्कळ. दुसरींत फेस भरपूर व सांका नाहीं. त्या मातोश्रींनीं वापरलेल्या वडीचा उरलेला तुकडा त्यांच्या मुलीनें स्वतः आणला होता. त्यानें पट्टी तांबडी केली.

धुण्याची रीति

योग्य वडी घेतली तरी रीति चुकल्यास लाभ थोडा. प्रथम केस पाण्यानें पूर्ण भिजवावे. पाणी कडकडीत नसावें. कोमट किंवा साधें बरें. वडी दोन्ही तळहातांत घोळवून फेस करावा व तो फेस बोटांनीं मस्तकाच्या त्वचेला लावावा. मळ व तेल मुख्यत्वें तेथेंच असतें. वडी केसांवर वरखालीं खसाखसा घासूं नये. त्यानें उचललेले खवले मोडतात. केसांच्या टोंकांस वेगळें चोळण्याची गरज नाहीं. धुतांना फेस खालीं ओघळतो तेवढा पुरतो. मग फेस पुरा जाईपर्यंत धुवावें. केस मऊ करणारें कंडिशनर घरीं असेल तर तें टोंकांस लावून धुवावें. पंचानें केस झटकूं वा पिळूं नयेत, टिपून घ्यावे. रंग लावल्यानंतरच्या पहिल्या कांहीं धुण्यांत रंग अधिक जातो, म्हणून त्या दिवसांत विनाकारण रोज डोक्यावरून पाणी घेऊं नये. उन्हांत जातांना पदर, रुमाल वा टोपी असावी.

जवळ साबणाचीच वडी असेल व ती टाकवत नसेल, तर ती हातपाय धुण्यास ठेवावी. वाया कांहींच जात नाहीं. केसांसाठीं ती वापरणें भागच पडलें, तर शेवटीं तांब्याभर पाण्यांत थोडा लिंबाचा रस गाळून घालून तें पाणी केसांवरून घ्यावें, डोळे मिटून, व पुनः साध्या पाण्यानें धुवावें. आंबटपणानें क्षार मरतो व साय कमी होते. मस्तकावर जखम वा पुरळ असल्यास मात्र हें करूं नये. कोणतीहि वडी वापरून झाल्यावर छिद्रें असलेल्या बशींत कोरडी ठेवावी. पाण्यांत पडलेली वडी दोन आठवड्यांत विरघळून जाते, आणि मग वडी महाग पडली अशी आपली तक्रार असते.

रंगासंबंधीं एक इशारा

येथपर्यंत रंग कसा टिकवावा हें सांगितलें. तो टिकविण्याचें खरें महत्त्व शोभेपुरतें नाहीं. रंग लवकर उतरला कीं मनुष्य तो लवकर पुनः लावतो; आणि दर वेळीं त्वचेचा संबंध पॅरा-फेनिलिन-डाय-अमाइन सारख्या द्रव्याशीं येतो. कांहीं माणसांच्या शरीराला या द्रव्याचें वांकडें येतें. पहिल्या कित्येक वेळां कांहीं होत नाहीं. मग एके दिवशीं खाज, लाली, पुरळ, किंवा डोळे मिटतील इतकी सूज येते. एकदां असें वांकडें आलें कीं तें सहसा जन्मभर राहतें. वर्षांनुवर्षें लावीत आलों, कांहीं झालें नाहीं, हें म्हणणें म्हणून भरंवशाचें नाहीं.

यास्तव आपल्या देशाच्या नियमांप्रमाणें अशा रंगाच्या वेष्टनावर इशारा छापावा लागतो, कीं आधीं त्वचेवर परीक्षा घ्यावी, आणि हा रंग भुंवया व पापण्यांस लावूं नये, कारण त्यानें अंधत्व येऊं शकतें. परीक्षा सोपी आहे. कानामागें किंवा कोंपराच्या आंतील बाजूस तयार रंगाचा लहानसा ठिपका लावून चोवीस तास थांबावें. कित्येक वेष्टनांवर अठ्ठेचाळीस तास सांगितले आहेत, तेथें तितके थांबावें. खाज वा लाली दिसल्यास तो रंग डोक्यास लावूं नये. ही परीक्षा दर वेळीं घ्यावयाची असते, पहिल्याच वेळीं नव्हे.

विद्यार्थिनींस एक निराळें सांगणें आहे. झाडाच्या पानांची खरी मेंदी तांबूस-नारिंगी रंग देते. काळा रंग देत नाहीं. ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकतात तींत पुष्कळदां हेंच रासायनिक द्रव्य असतें. जत्रेंत वा लग्नसमारंभांत हौसेनें ती हातावर काढून घेतल्यानें वांकडेपणाचें बीज लहानपणींच पडूं शकतें, आणि पुढें मोठेपणीं केस रंगवितांना तें उगवतें. युरोपांतील देशांत केसांचे हे रंग सोळा वर्षांखालील मुलांसाठीं नाहींत असें वेष्टनावर छापण्याचा नियम आहे. आपणहि तो स्वतःस लावून घ्यावा.

आतां त्या मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर. बाई, आपल्या कानामागील पुरळ वडीनें उठलें नाहीं. तें रंगांतील द्रव्यानें उठलें. तें पुढें कधींतरी उठलेंच नसतें असें छातीठोक सांगणें आम्हांस शक्य नाहीं. परंतु साबणाच्या वडीनें रंग लवकर उतरला, त्यामुळें आपण तो दुपटीनें लावूं लागलां, आणि त्वचेवरील भार तितका वाढला, हें खरें आहे. यांत आपल्या मुलीचा दोष तिळमात्र नाहीं. तिनें आपल्या शिक्षकांचें ऐकलें. दोष शिक्षकांचा, कीं त्यांनीं पुरतें सांगितलें नाहीं. हें आम्हीं तिला वर्गांत सर्वांसमक्ष सांगितलें आहे, व येथेंहि लिहून ठेवीत आहों.

त्या मातोश्री परवां पुनः भेटल्या. केस खालीं काळे व वर बोटभर चार पांढरे, असे दुरंगी झाले आहेत. “हळूहळू सगळे पांढरे होतील, सर,” त्या म्हणाल्या, “रुग्णालयांत एक म्हातारे रोगी मला आजी म्हणाले, तेवढें मात्र लागलें.” आम्ही यावर काय बोलणार? सुलैमानाच्या नीतिसूत्रांत पिकल्या केसांचा गौरव केला आहे, हें त्यांस ठाऊक आहेच; त्या आमच्याच मंडळींतल्या. पण शास्त्रवचन सांगून दुसऱ्याचें दुःख हलकें करूं पाहणें सोपें असतें. कोणीं केस रंगवावे कीं रंगवूं नयेत हें ज्याचें त्यानें ठरवावें. ज्यांस रंगवावयाचे आहेत त्यांनीं माहिती असून रंगवावे, एवढीच आमची इच्छा.

प्लॅस्टिकच्या बाटल्यांविषयीं आमचें मत पूर्वीचेंच आहे, आणि वडी घ्या हा उपदेश आम्ही परत घेत नाहीं. त्यांत आतां एक शब्द वाढवितों: वडी ओळखून घ्या. प्रयोगशाळेच्या कपाटांत हळदीच्या पट्ट्यांची एक पेटी ठेविली आहे. ती त्या मुलीनेंच भरली असून तिच्यावर नांवहि तिच्याच अक्षरांत आहे. कोणाहि विद्यार्थ्यानें घरची वडी रुमालांत बांधून आणावी. परीक्षा मधल्या सुटींत पांच मिनिटांत होते. पालकांनींहि अवश्य यावें.